हंसाच्या पोटात

दिव्यानं पुठ्ठ्याचा हंस जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि गव्हाच्या गोड हुग्गीच्या वाट्या रिकाम्या व्हायच्या आत मगदुमांच्या घरात दोन पक्ष पडले.

हंस चांगला झाला होता, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. पांढरा शुभ्र, लांब मान डौलात वळवलेली, पंखाखाली बुटकं दार, छातीवर गोल खिडकी. बेळगावात आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरीला लागल्यापासून दिव्यानं लोकांचे बंगले काढले होते, एक मंगल कार्यालयही काढलं होतं. ही मात्र तिची स्वतःची पहिली इमारत. तवंदी घाटाच्या पायथ्याला, हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून मगदुमांची चार गुंठे जागा गवत माजून पडली होती. पूर्वी तिथं आजोबांचं, जिनाप्पांचं, मुलांचं दुकान होतं. सिमेंटचा भला मोठा पक्षी आणि त्याच्या पोटात गोळ्या-बिस्किटं, भोवरे, पिपाण्या, फुगे. रस्ता चौपदरी झाला तेव्हा ते गेलं. दिव्या तेव्हा दोन वर्षांची होती. ते दुकान पुन्हा जसंच्या तसं उभं करायचं, पुढं खाऊ आणि आत मुलांची पुस्तकं, असं तिनं मनात धरलं होतं. जागा आज्जीच्या आणि तिच्या दोन्ही मुलांच्या नावावर. म्हणून आज रविवारी तिनं सगळ्यांना निपाणीच्या घरी एका टेबलाशी बसवलं होतं.

दुकानाचा फोटो एकही नव्हता. होता तो अरिहंतकाकानं कॉलेजच्या मासिकाला दिला. मासिकानं तो छापलाही नाही आणि परतही केला नाही. त्यामुळं दिव्यानं वडिलांना विचारून विचारून हंस बनवला, आणि घोटाळा तिथंच झाला.

"मान कुणाची म्हणायची ही?" अरिहंत म्हणाला. बेळगावच्या शहापुरात त्याचं साड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकापुढं पदर पसरून दाखवावा तसे दोन्ही हात पसरून तो बोलायचा. "दिव्या, पोरी, काम झकास केलंयस. पण आपली कोंबडी हुती गं."

"हंस," अभिनंदन ताटावरची नजर न उचलता म्हणाला.

"अण्णा, तुरा हुता तिला. लाल. त्या तुऱ्याला धरून मी वर चढायचो. आप्पांनी दोनदा बदडलंय मला त्यासाठी."

"आप्पांनी हंस सांगितला, हंस बांधला, बोर्डावर हंस लिवला."

"बोर्ड का लिवायला लागला ते सांग की मग पोरींना!"

"का?" अरिहंतची निशा लगेच म्हणाली. ती अकरावीला होती आणि घरातली कुठलीही जुनी गोष्ट तिला अर्धीच ठाऊक असायची.

जिनाप्पा मगदूम तंबाखूचे व्यापारी. एका चातुर्मासात स्तवनिधीला मुनीमहाराजांसमोर त्यांनी नियम घेतला की, तंबाखूचा पैसा घरात आणणार नाही. निपाणीत राहून तंबाखू सोडायची म्हणजे कोकणात राहून नारळ सोडण्यातला प्रकार. वर्षभर लोक हसले. मग स्तवनिधीला दर्शनाला येणाऱ्या गाड्यांतली कंटाळलेली पोरं पाहून जिनाप्पांना हे दुकान सुचलं. पक्षी हंसच का, तर तो दूध घेतो आणि पाणी सोडतो. माणसानं तसं असावं. पण ट्रकवाल्यांना यातलं काही कळेना. ते गाडी बाजूला घ्यायचे, खिडकीशी येऊन विचारायचे, "मोट्टे इदेना?" अंडी आहेत का? कुणी कोंबडी कापून मिळेल का म्हणायचा. एक लांबचा ड्रायव्हर तर समोर सतरंजी टाकून बसला आणि हाफ तंदुरी सांगून मोकळा झाला. जैनाच्या दारात! शेवटी जिनाप्पांनी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत बोर्ड लावला: 'हा हंस आहे. अंडी मिळणार नाहीत.'

निशाला हसता हसता ठसका लागला. "पप्पा, बोर्डावर लिहिलं होतं तर मग हंसच की!"

"बोर्ड लावून हंस हुतो व्हय गं? आणि तू कुणाच्या बाजूची?"

"मी दिव्याताईच्या."

"घ्या! पोटची पोर फुटली."

अभिनंदनची बायको माधवी पोळ्यांचा डबा घेऊन आत आली. तिनं पुठ्ठ्याच्या हंसाकडं जरा वेळ पाहिलं. "मी एक बोलू का? तीस वर्षं पोटात ठेवलंय."

"बोला वैनी, बोला," अरिहंतला साक्षीदार हवाच होता.

"मला ते बदक वाटलं होतं."

"बदक?" अभिनंदनचा घास हातातच राहिला.

"लग्न करून आले तेव्हा वरात थांबवून मामंजींनी मला पहिलं तेच दाखवलं. म्हणाले, सूनबाई, कसं काय वाटलं? आता नव्या सुनेनं पहिल्याच दिवशी सासऱ्याच्या हंसाला बदक कसं म्हणायचं? म्हणाले, छान आहे."

दिव्यानं कपाळाला हात लावला. तीन पक्षी झाले होते.

"थांबा," अरिहंत खुर्ची मागं सारून उठला. "मला ठाऊक हुतं असं होणार. म्हणून मी माणूसच आणलाय."

सकाळी अरिहंतच्या गाडीतून त्याच्याबरोबर पांढरी टोपी घातलेला एक वाळका म्हातारा उतरला होता. माधवीला वाटलं, कुणाला तरी वाटेत सोडायचं असेल. तिनं त्याला चहा दिला, जेवायला वाढलं, आणि तो बाहेरच्या खोलीत गप्प पेपर वाचत बसला होता. अरिहंतनं त्याला हाताला धरून आत आणलं.

"सांबऱ्याचे रवळू मिस्त्री. ज्यांनी बांधलं, ते. आता बोला म्हणावं, काय बांधलं ते."

*

अभिनंदननं रवळूला ओळखलं ते त्याच्या हातांवरून. दुकान बांधलं तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, आणि या हातांनी चुन्याची पाटी उचलताना पाहणं हा त्याचा उन्हाळ्याच्या सुट्टीतला उद्योग होता. चेहरा पार बदलला होता. बोटं तीच, आखूड आणि रुंद.

रवळूनं पुठ्ठ्याचा हंस उचलला. खालून पाहिला, बाजूनं पाहिला. मान बोटानं हळूच हलवून पाहिली.

"आमचं असंच ठरलं हुतं," तो म्हणाला.

"ऐकलंस?" अभिनंदन धाकट्या भावाकडं वळला.

"हंसच सुरू केला. पण मान पडली."

"पडली म्हंजे?"

"तिसऱ्या दिशी पडली. पुन्हा केली. ती पडली तवा गावातली चार मोठी माणसं बघायला आलती, त्यांच्या म्होरंच पडली. तवा सिमेंट परमिटवर. सळई तर बघायला मिळत न्हवती. मी आप्पांना म्हटलं, हंसाची मान झेपायची न्हाय आपल्याला. आप्पा म्हणाले, रवळू, मग आखूड कर. हंस मान आत घेऊन बसलाय असं म्हणू."

निशानं तोंडावर ओढणी धरली.

"आणि तुरा?" अरिहंतनं विचारलं.

"तुरा न्हवं त्यो. पावसाळ्यात डोस्क्यातनं पाणी गळायला लागलं. म्हणून वर गिलाव्याचा गोळा थापला आणि त्येला रेड ऑक्साइड मारला. त्यो गळती बंद केलेला गोळा हुता."

पहिल्यांदा माधवी हसली, मग निशा, मग दिव्या. अरिहंत टेबलावर थापा मारून हसला. अभिनंदनही हसला, पण थोडं उशिरा. या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं की त्याला तो पक्षी हंसच का हवा होता. निपाणीच्या शाळेत तो वर्गात शिरला की मागच्या बाकांवरून 'क्वॉक क्वॉक' सुरू व्हायचं. सहावीत एका पोराचा त्यानं दात पाडला होता आणि हेडमास्तरांना सांगितलं होतं, सर, तो हंस आहे. सहा वर्षांनी धाकटा अरिहंत जेव्हा त्याच शाळेत गेला, तेव्हा तो स्वतःच 'कोंबडीवाला अरिहंत' म्हणून ओळख सांगायचा आणि मधल्या सुट्टीत पोरांना गोळ्या वाटायचा. एकाच दुकानातून दोन भाऊ अशा दोन वाटांनी बाहेर पडले होते.

"दार मात्र तू बरोबर काढलंयस," रवळू दिव्याला म्हणाला. "साडेतीन फूट."

"आजोबांचं वाक्यच आहे ना!" दिव्यानं नकाशाची गुंडाळी उलगडली. दाराच्या चित्राखाली तिनं सुंदर अक्षरात लिहिलं होतं: 'मुलांच्या दुकानात मोठ्यांनी वाकूनच यायचं.' जिनाप्पांचं हे वाक्य मगदुमांच्या घरात लग्नकार्यात सांगितलं जायचं. दुकानाबाहेरच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ऐकवायचे.

"आप्पांचं डोकंच वेगळं," अरिहंत म्हणाला. मग हसू ओसरलं आणि त्याच्या तोंडून ते गेलंच. "एवढं प्रेम हुतं तर पाडताना कुटं हुते आमचे अण्णा, कुणास ठाऊक."

माधवीनं पोळ्यांचा डबा बंद केला. आता इथून पुढं काय होणार ते तिला तोंडपाठ होतं. दर दिवाळीला, दर पर्युषणाला, हे वाक्य कुठून तरी यायचंच.

"मी चिकोडीला हुतो," अभिनंदन म्हणाला. "पेंड आणायला गेलतो. हे तुला शंभरदा सांगितलंय."

"बरोबर त्याच दिवशी पेंड संपली."

"आणि बरोबर त्याच दिवशी रस्त्याची माणसं आमच्याच दारात. बेळगावच्या त्या हापिसात दोस्त कुणाचा हुता रं? माझा?"

"दोस्त हुता म्हणून मी दुकान पाडायला सांगितलं?"

"मग कुणी सांगितलं? त्यांची रेघ तर नुसत्या शेपटीवरनं गेलती! पुढचं सगळं राहणार हुतं. मी स्वतः बघितलेली ती रेघ!"

"मीबी तेच म्हणतोय! सही केल्याबिगर कोण पाडतंय?"

दिव्यानं हंस उचलून कपाटावर ठेवला. तिला वाटलं, आता थाळ्या उडतील.

"अण्णानं न्हाय आणि अरूनं न्हाय," स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. "मी सांगितलं पाडायला."

*

दिव्याची आज्जी, तारामती, आतल्या पाटावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, ती आवाज चढल्यावर उठून आली होती. ऐंशी वर्षांची, कंबरेत इतकी वाकलेली की दारात उभी राहूनही ती बसलेल्या माणसांच्या डोळ्यांत पाहू शकत होती. ही गोष्ट आपण चितेवर घेऊन जायची असं तिनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. पण पोर ते दुकान पुन्हा बांधणार, तस्संच बांधणार, साडेतीन फुटांचं दार ठेवणार, हे ऐकल्यावर हातातली शेंग सोलवेना झाली.

"आव्वा, तू मध्ये पडू नकोस," अभिनंदन म्हणाला. "आम्हाला सांभाळून घ्यायला काय तरी सांगू नकोस."

"सांभाळून? चोवीस वर्षं सांभाळून घेतलंय की." ती आत येऊन खुर्चीत बसली. "दिव्या, ते दुकान बांधायचं न्हाय. एवढंच सांगायला आले."

"आज्जी..." दिव्याचा चेहरा उतरला. "तुला आवडत नव्हतं? हंस?"

"मला काय ठाऊक, हंस हुता का कोंबडी. मी आत हुते."

रवळू एकदम खाली पाहू लागला.

"मुलांच्या दुकानात मोठ्यांनी वाकून यायचं," तारामती म्हणाली. "ऐकायला लई गोड. पण मोठी म्हंजे कोण? बाप्यामाणूस तर भाईर बाकावर बसायचा, लोकांना हंसाची कथा सांगायचा. गिऱ्हाइकं भाईर. आत शिरायची मी एकटी. डबा आणायला, पाणी आणायला, फुगे भरायला. दिवसाला चाळीस येळा वाकायचं. आणि आत गेल्यावर तरी सरळ उभं ऱ्हावं, तर वर पोटाची कमान. बावीस वर्षं मी त्या हंसाच्या पोटात अशी बसले." तिनं मान छातीशी नेऊन दाखवली. "एप्रिलात गोळ्या वितळून एकमेकांना चिकटायच्या. माझं काय हुईत असंल?"

"बाई गं," माधवी म्हणाली.

"तुला ठाऊक हाय की. तू बसलीयेस."

"पंधरा दिवस," माधवीनं नवऱ्याकडं न बघता सांगितलं. "आव्वांना ताप आला होता तेव्हा. बदक म्हणाले ते मी बाहेरून बघून. आतून काय म्हणाले ते मी सांगत नाही."

निशाला हसू आलं, पण तिनं ते गिळलं.

"तुमचे आप्पा जाऊन वरीस झालतं, तवा रस्त्याची माणसं आली," तारामतीनं पुढं सांगितलं. "म्हणाली, आज्जी, आमची रेघ शेपटीवरनं जातीया. शेपूट काढतो, बाकीचं ऱ्हाऊ दे का? मी म्हटलं, शेपूट काढलेलं पाखरू काय करायचं? सगळंच न्या. म्हणाली, सही करा. केली. मग अभिनंदनला चिकोडीला धाडलं, पेंड आणायला. घरात दोन पोती पेंड हुती."

अभिनंदननं समोरचं ताट बाजूला सारलं.

"त्या जेसीबीवाल्याला मी च्या करून दिला. पहिला घाव पोटावर बसला आणि आत ऊन पडलं. माझे डबे मला पहिल्यांदा नीट दिसले. हिरवा म्हणत हुते त्यो डबा निळा निघाला." तिला तेव्हाही हसू आलं होतं आणि आताही आलं. "मग घरी आले. भर दुपारी पाठ टेकून झोपले. लग्न झाल्यापासनं दुपारची कधी झोपलेच न्हवते."

"आव्वा," अरिहंतचा आवाज बारीक झाला होता. "तेव्हाच का न्हाय सांगितलंस?"

"सांगणारच हुते. पण तू बसमधनं उतरलास तो अण्णाच्या अंगावर धावलास, ह्यो तुझ्या. गाव गोळा झालं. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिशी वाटलं, निवळंल आपोआप. म्हैना गेला. मग वाटलं, आता सांगितलं तर म्हणतील, म्हैनाभर गप्प का हुतीस. मग वरीस गेलं." तिनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं आणि सोडलं. "दुकान पाडलं त्याचं मला काही वाटत न्हाय. तुम्ही दोघं वाकडी झालासा आणि मी बघत बसले, ते चुकलं. त्येला मला काय बोलायचं ते बोला."

अभिनंदन उठला आणि मागच्या दारानं परसात गेला. खिडकीतून तो दिसत होता: गोठ्यापर्यंत गेला, म्हशीसमोर उभा राहिला, पेंडीच्या पोत्यावर हात ठेवून तिथंच थांबला. मग त्याचे खांदे हलायला लागले. माधवी घाबरून उठली आणि खिडकीशी जाऊन परत आली.

"हसतायत," ती म्हणाली.

रवळू मिस्त्रीनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "वैनी, माझं चुकलं. आप्पा म्हणाले साडेतीन फूट, मी साडेतीन केलं. आत कोण बसणार ते मी इचारलंच न्हाय."

"कुणीच इचारलं न्हाय," तारामती म्हणाली. पण ते तिनं रागानं म्हटलं नाही.

दिव्यानं कपाटावरचा हंस खाली घेतला. पंखाखालच्या त्या बुटक्या दाराकडं ती पाहत राहिली. नकाशावरचं सुंदर अक्षरातलं वाक्य आता तिला वाचवेना. "ठीक आहे आज्जी," ती म्हणाली. "नाही बांधत. जागा तशीच राहू दे."

"तशीच ऱ्हाऊ दे असं मी म्हणाले?" तारामती खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठली. "तस्संच बांधू नको म्हणाले. अरू, गाडी काढ."

*

दोन गाड्या करून सगळे घाटाच्या पायथ्याला गेले. दुपारचे साडेतीन वाजले होते. सर्व्हिस रोडला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि त्यापलीकडं हायवेवरून गाड्या सूं सूं करत पळत होत्या. जागेवर गुडघ्याएवढं गवत. अभिनंदननं येताना रेघा मारायला पांढऱ्या फक्कीची पिशवी आणि मोजायची टेप घेतली होती. घरापासून इथपर्यंत तो एक शब्द बोलला नव्हता. पण पिशवी त्यानं कुणी न सांगता घेतली, हे माधवीनं पाहून ठेवलं होतं.

"हितं दार हुतं," तारामतीनं पायानं जागा दाखवली. गेल्या चोवीस वर्षांत ती इथं आली नव्हती, तरी पाय बरोबर थांबले. "हितंच ऱ्हाऊ दे. अरू, ये हिकडं, उभा ऱ्हा. हात वर कर."

अरिहंत घरात सगळ्यांत उंच. त्यानं शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

"तिथवर दार."

दिव्यानं टेप लावली. "आज्जी, सव्वासात फूट! दार एवढं झालं तर पक्षी केवढा होईल?"

"होऊ दे. आता सळ्या मिळत्यात की."

रवळू इतका हसला की त्याला खोकला आला. मग तोच पुढं झाला आणि दिव्याला सांगू लागला: कमान अशी घे, वजन मागच्या भिंतीवर टाक, मानेत चार सळ्या सोड. दिव्यानं वही काढली. आपल्या ऑफिसातले दोन सीनियर जे चार दिवसांत नीट सांगू शकले नव्हते, ते हा म्हातारा गवतात उभा राहून काठीनं सांगत होता. तारामती मधूनमधून आपली यादी घुसवत होती. मागं दुसरं दार, वारा खेळायला. पंखा. आणि खिडकी खाली घ्यायची.

"किती खाली?"

"बसल्या जाग्यावरनं रस्ता दिसंल एवढी. बावीस वर्षं मी हायवेच्या कडेला बसले आणि मला एक गाडी दिसली न्हाय. नुसते हात दिसायचे. खिडकीतनं हात आत यायचा, पेपरमिंट घेऊन जायचा. तोंड कसलं ते ठाऊकच न्हाय." ती जरा थांबली. "हात मात्र वळखायचे. कोगनोळीच्या एका पोरीच्या हाताला कायम शाईचा डाग. लई वर्षं यायची. पुढं एकदा त्याच हातावर मेंदी आली आणि मग यायची थांबली. त्येवढंच एक आठवतं अधनंमधनं."

दिव्यानं वहीत 'खिडकी खाली' लिहिलं आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

"आत बसणार कोण पण?" माधवीनं मुद्द्याचं विचारलं. "आधीच सांगून ठेवते, मी नाही."

"पहिलं वरीस अभिनंदन," तारामती म्हणाली. "महिन्यातनं दोन रविवार अरू. बायका भाईर बाकावर बसतील आणि लोकांना कथा सांगतील."

"मी?" अभिनंदनला अखेर वाचा फुटली.

"का? हंस हाय म्हणालास न्हवं? बस की मग त्याच्या पोटात."

निशानं टाळ्या पिटल्या. अरिहंत मोठ्यानं हसणार होता, पण भावाकडं बघून त्यानं तोंड आवरलं. मग अभिनंदननंच फक्कीची पिशवी त्याच्यापुढं धरली.

"धर. आणि रेघ सरळ मार. तुझा हात शाळेपासनं वाकडा हाय."

"तू टेप ताणून धर, मग माझी रेघ सरळ येती का न्हाय बघ."

दोघं गवतात वाकून रेघ मारू लागले. टेपचं एक टोक एकाकडं, दुसरं दुसऱ्याकडं. एकदा रेघ खरंच वाकडी आली आणि ती कुणामुळं, यावर दोन मिनिटं वाद झाला. पण त्या वादात चिकोडी आली नाही, बेळगावचं ऑफिसही आलं नाही.

पाच वाजता ते घरी परतले. सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून माधवीनं घाईघाईत भाकरी केल्या. रवळूला सांबऱ्याला सोडायचं होतं. निशाचं कॉलेज सोमवारी दुपारचं. ती म्हणाली, मी दिव्याताईबरोबर सकाळी येते. अरिहंतनं गाडीची किल्ली उचलली.

"चला मिस्त्री. दोन तास तरी लागतील."

अभिनंदन ओसरीवर चपला घालत होता.

"कुटं निघालास?" तारामतीनं विचारलं.

"मिस्त्रींना सोडून येतो."

"अरू चाललाय की."

"मीबी जातो. म्हातारा माणूस हाय, बरोबर कुणी तरी पायजे." तो कुणाकडं पाहत नव्हता. "रात्री अरूकडंच ऱ्हाईन. सकाळी बसनं येईन परत."

अरिहंत गाडीच्या दाराशी थांबला होता. त्यानं मागच्या सीटवरचे साड्यांचे दोन गठ्ठे उचलून डिकीत टाकले आणि जागा केली. अभिनंदन रवळूच्या शेजारी मागं बसला. गाडी फाटकातून बाहेर पडली.

पन्नास पावलांवर, पिठाच्या गिरणीपाशी, ती थांबली.

"झालं," माधवी म्हणाली. "लागली वाटतं पुन्हा."

चौघी ओसरीवर उभ्या राहून बघत राहिल्या. गाडीचं मागचं दार उघडलं. अभिनंदन उतरला. त्यानं मागचं दार लावलं, गाडीला वळसा घातला, पुढचं दार उघडलं आणि भावाच्या शेजारी जाऊन बसला.